रडारवाली ग्लेना

ग्लेना बोलयार्डने सत्तावन्नाव्या वर्षी मोटरसायकल घेतली, तेव्हा मिल रनमधल्या लोकांना ते खरंच वाटेना. बावीस वर्षं डेप्युटी असलेली ही बाई शेरीफच्या पोलीसगाडीत, कधी चर्चमागच्या वळणावर तर कधी लाकूडवखारीच्या फाटकाआड, हातात वेग मोजणारी रडारची बंदूक धरून बसलेली सगळ्यांनी पाहिली होती. वेस्ट व्हर्जिनियाच्या डोंगरातून जाणारा तो नागमोडी रस्ता मोटरसायकलवाल्यांचा फार लाडका. उन्हाळ्यात ते लांबलांबून यायचे, आणि परत जाताना निम्म्यांच्या खिशात ग्लेनाच्या सहीची दंडाची पावती असायची, असं गावात बोललं जाई. गयावया केली तरी ती ऐकायची नाही, थट्टा केली तरी हसायची नाही.

निवृत्त झाल्यावर दोन हिवाळे तिने घरात बसून काढले. भिंती रंगवल्या, तळघर आवरलं, दोन स्वेटर विणायला घेऊन अर्धवट टाकले. मग एप्रिलमध्ये एका म्हाताऱ्याकडून गडद हिरव्या रंगाची जुनी मोटरसायकल घेऊन आली आणि महिनाभर शाळेच्या रिकाम्या मैदानावर गोल गोल फिरवत राहिली. का घेतली, असं कोणी विचारलं तर म्हणायची, "बावीस वर्षं लोकांना जाताना बघितलं. म्हटलं, आता आपणही जाऊन बघावं."

मे महिन्यातल्या एका रविवारी, सकाळी आठ वाजता, ती हेल्मेट काखेत घेऊन आयडाच्या हॉटेलात शिरली. दर रविवारी गावातले सात-आठ मोटरसायकलवाले तिथे नाश्त्याला जमत आणि मग डोंगरात फेरी मारायला निघत. ती आत आली तशी सगळ्यांच्या माना वळल्या. शेवटी व्हर्जिल टूथमनने खुर्ची मागे सरकवली.

"या, या डेप्युटीबाई! आज बंदूक घरीच राहिली वाटतं?"

हशा पिकला. ग्लेनाही ओठातल्या ओठात हसली आणि कोपऱ्यातल्या खुर्चीवर बसली.

व्हर्जिलच्या बोलण्यातली धार मात्र नुसत्या थट्टेची नव्हती. तो पूर्वी लाकडाचे मोठे ट्रक चालवायचा. तेरा वर्षांपूर्वी, एप्रिल ते ऑगस्टच्या दरम्यान, मोटरसायकल पळवताना ग्लेनाने त्याला तीनदा पकडलं होतं. तिसऱ्या पावतीला लायसन्स गेलं, आणि लायसन्स गेल्यावर ट्रक कोण देणार? पुढे लायसन्स परत मिळालं, ट्रक नाही; तेव्हापासून तो लाकडाच्या गिरणीत यंत्रं दुरुस्त करत होता. एवढ्या वर्षांत तो तिच्याशी एक शब्द बोलला नव्हता. तो रविवारचा टोमणा पहिलाच.

त्या तीन पावत्यांनंतर व्हर्जिलला रडार पकडणाऱ्या यंत्रांचं वेड लागलं. नवीन डिटेक्टर बाजारात आला की त्याच्याकडे तो असायचाच. मोटरसायकलवर वाऱ्याच्या घोंगाटात त्याची पिपाणी ऐकू येत नाही, म्हणून त्याने हेल्मेटच्या आत डोळ्यापाशी एक बारीक लाल दिवा बसवला होता. ऊन पडून गाडीवरच्या यंत्राचा पडदा दिसेनासा होऊ नये म्हणून पत्र्याची टोपी कापून लावली होती. पलीकडच्या व्हर्जिनिया राज्यात हे यंत्र बाळगायलाच बंदी, म्हणून सीमेवरच्या खिंडीत पोचलं की सगळ्यांना थांबवून तो ते काढायचा, रेनकोटात गुंडाळून पिशवीत दडवायचा, आणि परत येताना पुन्हा चढवायचा. बाकीचे तोवर रस्त्याकडेला उभे राहून त्याची टर उडवत.

"आता माणूसच समोर आहे तर विचारून टाकू," आयडाने कॉफी ओतता ओतता विषय काढला. "ग्लेना, खरं सांग, व्हर्जिलचं हे खेळणं काही कामाचं आहे का?"

"आहे," ग्लेना म्हणाली. "पुढे कोणी असेल तर."

"म्हणजे?"

"मी बंदूक चालू ठेवून बसायचेच नाही. बोट खटक्यावर ठेवायचं, गाडी टप्प्यात आली की दाबायचं. तुमचं यंत्र ओरडेपर्यंत आकडा माझ्यासमोर. पण तुमच्या अर्धा मैल पुढे दुसरा कोणी असेल आणि मी त्याच्यावर बंदूक रोखली, तर तुमचं यंत्र तेव्हाच ओरडेल, आणि तुम्हाला वेग कमी करायला वेळ मिळेल."

"म्हणजे आपण वाचायचं आणि पुढच्याने मरायचं!" कोणीतरी म्हणालं.

"तसंच. आणि व्हर्जिल तर कायम सगळ्यांच्या पुढे असतो."

आता जो हशा उठला त्यात टेबलावरचे काटेचमचे हलले. व्हर्जिलचे कान लाल झाले. "दुकानाच्या आपोआप उघडणाऱ्या दारांतलं रडारसुद्धा ओळखतं म्हणावं माझं यंत्र," एवढंच पुटपुटून तो बशीतल्या रश्श्यात पाव बुडवत राहिला.

त्या दिवसापासून ग्लेना त्यांच्यात आली. रांगेत शेवटी चालायची. सगळे पुढच्या चौकात पोचून हातमोजे काढून, पाणी पिऊन झालं की हिची हिरवी गाडी वळणावर दिसायची. "आला आपला रोडरोलर," व्हर्जिल म्हणायचा. ती काही मनाला लावून घ्यायची नाही. उन्हाळाभर असंच चाललं. जुलैत तिची साखळी तुटली तेव्हा व्हर्जिलनेच ती रस्त्यात बसून जोडून दिली. अर्थात एक अक्षर न बोलता.

सप्टेंबरच्या दुसऱ्या रविवारी ते घडलं. वखारीच्या पुढे सरळ रस्ता लागतो. तिथे व्हर्जिल नेहमीप्रमाणे सुटला होता. बाकीचे पोचले तेव्हा तो रस्त्याकडेला हेल्मेट काढून उभा, शेजारी शेरीफची गाडी, आणि एक तरुण डेप्युटी वहीत काहीतरी लिहीत होता. ताशी पंचावन्न मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर व्हर्जिल एक्याऐंशीने गेला होता. लाल दिवा लागला होता म्हणे, पण लागला तेव्हा डेप्युटी समोरच दिसत होता.

ग्लेना सगळ्यात शेवटी आली. त्या पोराला तिनेच शिकवलं होतं. तिला पाहून तो ताठ झाला.

"मॅडम, तुमच्याबरोबरचे का हे?" मग आवाज खाली आणून म्हणाला, "तुम्ही म्हणत असाल तर तोंडी समज देऊन सोडून देतो."

आवाज खाली आणला तरी सगळ्यांना ऐकू गेलं. व्हर्जिलने पहिल्यांदाच सरळ ग्लेनाच्या डोळ्यांत पाहिलं. त्या वर्षातली ही त्याची दुसरी पावती ठरणार होती; तिसरीला लायसन्स जाणार.

"नको," ग्लेना म्हणाली. "पावती फाड."

व्हर्जिलने कागद घेतला, चार घड्या घातल्या, गाडीला किक मारली आणि आला होता त्या दिशेने निघून गेला. पुढचे दोन रविवार तो आयडाकडे फिरकला नाही. बाकीचे ग्लेनाशी बोलत होते, पण मोजून मापून. आयडाने तर तिच्यापुढे बशी जरा आपटूनच ठेवली.

तिसऱ्या आठवड्यात एका दुपारी ग्लेना गिरणीमागच्या शेडमध्ये गेली. व्हर्जिल एका करवतीचं पातं शिकंज्यात धरून घासत होता.

"काय? पावत्या आता घरपोच द्यायला लागलात?"

"मला एक सांगायचंय. ऐकून घे, मग हाकलून दे."

त्याने कानस थांबवली नाही. तीही उभ्या उभ्याच बोलायला लागली.

"ड्वाइट स्पोनॉगल आठवतो?"

आता कानस थांबली. ड्वाइटला कोण विसरेल? शाळेत सुतारकाम शिकवायचा. गावातल्या निम्म्या घरांत त्याच्या हाताखाली शिकलेल्या पोरांनी केलेली स्टुलं होती. चौदा वर्षांपूर्वी ऑक्टोबरमध्ये, ओढ्याच्या वळणावर हरीण आडवं आलं आणि तो मोटरसायकलवरून पडला, त्यातच गेला.

"त्याच दिवशी दुपारी मी त्याला अडवलं होतं," ग्लेना म्हणाली. "शहात्तरने चालला होता. म्हणाला, 'ग्लेना, झाडांची पानं इतकी लाल झालीत, माझं काट्याकडे लक्षच नव्हतं.' मला हसू आलं. तेव्हा मी हसायचे रे. म्हटलं, जा, सावकाश जा. पावती नाही, नोंद नाही. पाऊण तासाने वायरलेसवर आलं, ओढ्याच्या वळणावर अपघात. तिथे सगळ्यात आधी पोचले ती मीच."

"अहवालात मी लिहिलं नाही की त्याला आधी थांबवलं होतं. कोणी विचारलंच नाही. त्यानंतर मी कोणाला सोडलं नाही."

व्हर्जिल बोटांवर काहीतरी मोजत होता. "माझी पहिली पावती त्याच्या पुढच्या एप्रिलची."

"हो."

"म्हणजे ड्वाइटच्या नावाने फाडलेल्या तीन पावत्या मी भरल्या."

"तसंच म्हण."

"आणि त्या नसत्या तर मी मेलो असतो, असं वाटतं तुला?"

"माहीत नाही. ते कळायला काही मार्ग नाही, व्हर्जिल. हरीण हळू जाणाऱ्यालाही आडवं येतं."

तो उठला, फडक्याला हात पुसत दारापर्यंत गेला, परत आला. "माझा ट्रक गेला. मला तो ट्रक आवडायचा, ग्लेना. पहाटे डोंगर उतरताना वरून सगळं खोरं दिसायचं. आणि आज तू येऊन सांगतेस की तुझ्या मनात एक भीती बसली होती. हे ऐकून मला बरं वाटेल असं वाटलं होतं का?"

"नाही."

"मग मला कशाला सांगतेस? ओलेटाला सांगितलंस?"

ग्लेनाने नकारार्थी मान हलवली. ओलेटा म्हणजे ड्वाइटची बायको.

"चौदा वर्षं एकाच गावात राहतेस. तिला सांगायचं सोडून माझ्याकडे आलीस." त्याने थर्मासमधली कॉफी एका डागाळलेल्या मगात ओतून तिच्यापुढे सरकवली. "ही पी, आणि तिकडे जा."

ग्लेना लगेच गेली नाही. तीन दिवस गेले. गुरुवारी दुपारी तिने गाडी काढली. ओलेटा सत्तरीची, गुडघ्यांनी अधू, पण अंगणात चुलाणावर तांब्याचं भलं मोठं पातेलं चढवून सफरचंदांचा गोड लगदा आटवत होती. हातात डोईइतक्या उंचीचा लाकडी ढवळणा. ग्लेनाला पाहून तिने तोच पुढे केला.

"बरी आलीस. धर हे. तळाला लागू देऊ नकोस, थांबलीस की करपतं."

ग्लेना ढवळायला लागली, आणि ढवळता ढवळताच तिने सगळं सांगितलं. मान वर केली नाही. सांगून संपल्यावर तिने पाहिलं. म्हातारी लाकडाच्या ओंडक्यावर बसून चुलाणात एक ढलपी सारत होती.

"मला माहीत आहे," ओलेटा म्हणाली.

"काय?"

"त्याने पेट्रोल पंपावरून फोन केला होता. 'ग्लेनाने पकडलं, पण सोडलं,' म्हणाला. हसत होता. तिथे उभा राहून काहीतरी खात होता, तोंडात घास घेऊनच बोलला. मी म्हटलं, आता तरी सावकाश ये. म्हणाला, हो."

ग्लेनाचा हात थांबला.

"ढवळ, ढवळ. करपेल."

"तुम्ही मला कधी बोलला नाहीत."

"तू कधी आली नाहीस. त्याला पुरताना कुंपणापाशी गणवेशात उभी होतीस, तेव्हा वाटलं, येईल. मग वाटलं, रोज किती जणांना अडवते ही, हिला कुठे लक्षात असणार."

हे ग्लेनाच्या कधी स्वप्नातही आलं नव्हतं. ओलेटा आपल्यावर रागावली असेल असं तिला वाटायचं, पण आपण विसरलो असं तिला वाटत असेल, हे नाही. धूर डोळ्यांत गेल्यासारखं करून तिने बाहीने तोंड पुसलं.

"राग नाही आला तुम्हाला?"

"आला की! पहिली दोन वर्षं. तुझा, त्या हरणाचा, त्याचा स्वतःचा. पावती लिहिली असतीस तर आणखी दहा मिनिटं थांबला असता, हरीण तोवर ओढा ओलांडून गेलं असतं. मग म्हणायचे, फोनवर मीच जरा जास्त बोलले असते तरी तेच झालं असतं. असं करत करत कंटाळले बाई मी. हातात कामं होती." ओलेटाने पातेल्यात डोकावून पाहिलं. "अजून तासभर लागेल. बसतेस ना?"

ग्लेना बसली. म्हणजे उभीच राहिली, कारण ढवळणा तिच्याच हातात होता. मग दोघी ड्वाइटबद्दल बोलल्या. त्याचं स्टूल डुगडुगलं की तो जमिनीला दोष द्यायचा, ते आठवून दोघी हसल्या. बरण्या भरून झाल्या तेव्हा ऊन उतरलं होतं. ओलेटा फाटकापर्यंत आली आणि हिरव्या मोटरसायकलकडे बघत राहिली.

"बसता का मागे? एक चक्कर मारू," ग्लेना म्हणाली.

"वेड लागलंय का? हा पाय तिच्यावरून जाईल का माझा!" ओलेटाने गाडीच्या सीटवर एकदा हात फिरवला. "पुढच्या वर्षीही ये ढवळायला. आता खांदे भरून येतात माझे."

परतताना ग्लेना गिरणीपाशी थांबली. व्हर्जिल शेडला कुलूप लावत होता. तिने पिशवीतून एक बरणी काढून त्याच्या हातात दिली.

"काय म्हणाली?"

"तिला आधीपासून माहीत होतं."

व्हर्जिलने बरणी हातात फिरवली. "चौदा वर्षं?"

"चौदा वर्षं."

"या गावात कोणी कोणाला काही सांगेल तर शपथ," तो म्हणाला. मग किल्ली खिशात टाकत, "रविवारी येणार आहेस ना?"

"तू येणार आहेस का?"

"येतो. पण आता लायसन्स एका चुकीवर टांगलंय. म्हणजे मलाही तुझ्यासारखंच रखडत चालवावं लागणार. गाव हसेल."

"माझ्या मागे चाल. मग मला हसतील."

"तुझ्या मागे? संध्याकाळपर्यंत घरी पोचायचंय मला." त्याने झाकण फिरवून बरणी उघडली, तेलकट बोट फडक्याला पुसलं, आत बुडवून चाटलं, आणि तिथेच उभ्या उभ्या दुसऱ्यांदा बुडवलं.