गेल्या दिवाळीचा कंदील

"काका, यंदा कंदील लवकर लावलात!" शेजारच्या सुलभाताई कपडे वाळत घालता घालता त्यांच्या गॅलरीतून म्हणाल्या. मी वर पाहिलं. आमच्या गॅलरीतला कंदील गेल्या दिवाळीचाच होता. लाल कागद विटलेला, झिरमिळ्या निम्म्या गळालेल्या. काढायचा राहूनच गेला होता.

बायको असताना असं झालं नसतं. तुळशीचं लग्न लागलं की दुसऱ्या दिवशी ती मला स्टुलावर चढवायची, कंदील जुन्या साडीत गुंडाळून माळ्यावर ठेवायला लावायची. मग गहू निवडणं, पापड, लोणचं. एकेक काम हातावेगळं होईपर्यंत वर्ष केवढं लांबायचं! तिला जाऊन तीन वर्षं झाली, आणि मला त्यातला एक महिनाही वेगळा काढून दाखवता येणार नाही.

वाटलं, निदान हा कंदील तरी काढावा, म्हणजे एक वर्ष संपल्यासारखं होईल. कोपऱ्यातलं स्टूल ओढलं, एक पाय वर ठेवला. ते डगमगलं. खाली धरायला कुणी नव्हतं.

पाय खाली घेतला आणि सुलभाताईंना म्हणालो, "हो, यंदा जरा लवकरच लावला."