मशीनची दुपारची झोप

आमच्या घरात दुपारची झोप फक्त शिवणाच्या मशीनला मिळत असे.

यांनी ते हातमशीन गणपतीच्या सुमारास आणलं. विकणारा म्हणाला होता, "मायेनं वापरा, नातवंडं शिवतील यावर." सासूबाईंनी ते फारच मनावर घेतलं. जेवणं झाली की मशीनवर दुपटं! थंडी पडली तशी दुपट्यावर घोंगडी! सोबत आलेली तेलाची कुपी त्यांनी हुंगली आणि तोंड फिरवलं. "असलं घाण तेल लेकराला लावशील का गं?" (लेकरू म्हणजे मशीन!) मग रोज सकाळी कोमट करडीचं तेल त्याच्या प्रत्येक भोकात. मलाही नवल वाटे, लोखंडाला खरंच बरं वाटत असेल का? कुणी नसताना मी कान लावून ऐकायची. कुरकुर थांबली होती खरी. पण चाक दिवसेंदिवस जड होत चाललं.

"बाळसं धरतंय," सासूबाई म्हणाल्या.

अशात गोदूवन्संना बघायला वैरागचे पाहुणे यायचे ठरले. आधी दोन ठिकाणांहून नकार आलेला, त्यामुळं घरातले सगळे देव पाण्यात! टांगा बोळाच्या तोंडाशी आला आणि वन्संच्या चोळीची बाही उसवली.

"वैनी, अंगातच शिवा की!"

"सुई टोचली तर?"

"टोचू दे! नकारापरीस बरी!"

मी बाही सुईखाली सरकवली. चार टाके पडले, आणि सुई बाहीत रुतून मशीन ठप्प! चाक पुढं जाईना, मागं येईना. मी कात्री उचलली.

"शुभ वेळेला कात्री? ठेव ती!" सासूबाई कडाडल्या.

तेवढ्यात पाहुणे आत! वन्सं मशीनला बांधलेल्या, मान खाली. मी दाराआड.

मुलाच्या आईनं वाकून पाहिलं. "पोरगी कामसू दिसती. पर मशीन का थांबलंय?"

"दुपार झाली न्हवं का," सासूबाई म्हणाल्या. "या वेळेला आमी त्याला झोपू देतो."

"मशीनला?"

"व्हय. तेल लावतो, पांघरूण घालतो. जीव लावला की टिकतं."

मी डोळेच मिटले. हाही नकार!

त्या बाईंनी मशीनवरून हात फिरवला, तेलकट बोटं हुंगली आणि मुलाकडं वळल्या. "लोखंडाला इतकं जपत्यात, तर माणसाला किती जपत असतील! ह्याच घरची पोर करायची."

पाहुणे गेल्यावर मशीन दुरुस्त करणारा मिस्त्री बोलावला, त्यानं वन्संना सोडवलं. आतलं चिकट तेल खरवडत तो म्हणाला, "बाई, यात भजी तळत होता का?"

लग्न थाटात झालं. नशीब, त्या बाईंनी दाराआड पाहिलं नाही! मशीन झोपायचं तेव्हा मी भांडी घासायची. मला कधी कुणी कोमट तेल घातलं नाही. म्हणूनच बहुधा मी अजून कुठं अडकले नाही!