आबांच्या चित्राला श्रद्धांजली

सुप्याला एमआयडीसीत पार्ट तपासायचं माझं काम. दिवसभर भिंगातून ओरखडे शोधायचे, आणि खोलीवर आल्यावर कागदावर पेन्सिलीने आपणच ओढत बसायचं. खोलीत मी एकटी. नवऱ्याचं घर सोडलं त्याला चार वर्षं झाली, तेव्हापासून वडील, म्हणजे आबा, माझ्याशी बोलत नाहीत. मीही फोन केला नाही. सुंभ जळला तरी पीळ जात नाही, तसलं आमचं घराणं.

बोलायला कोणी नाही म्हणून मी चित्र काढतानाचे व्हिडिओ इंटरनेटवर टाकायला लागले. मोबाईल डब्याला टेकवून उभा करायचा, हात तेवढा दिसेल असा. तोंड दाखवायची हौस नव्हती. बघणारे विचारायचे, ताई, पेन्सिल कुठली, कागद कुठला. जेवलीस का, असं कोण कशाला विचारेल? पण एका हातात भाकरी घेऊन मी त्यांची एकेक कमेंट दोनदा वाचायचे, हे खरं. इतकी माणसाची भूक लागते, हे मला आधी माहीत नव्हतं.

एका सुट्टीला सकाळीच आबांचं चित्र काढायला बसले. जवळ फोटो नव्हता, सगळं आठवणीतून. कपाळावरच्या आठ्या जमल्या, टोपी जमली, डोळ्यांतला राग तर फारच झकास जमला. दुपारी चित्र टाकलं, खाली 'आबा' एवढंच लिहिलं. खोटं कशाला बोलू, ते चित्र बघणाऱ्यांसाठी नव्हतंच. गावातल्या कुणाच्या तरी मोबाईलवरून ते आबांपर्यंत जावं, आणि त्यांनी एकदा फोन करावा, एवढ्यासाठी होतं.

ते गेलंच. चुलतभावाने गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर नुसतं चित्र टाकून दिलं, वर ना खाली शब्द. आता आमच्या गावात जित्या माणसाचे रंगीत फोटो काढतात. काळंपांढरं तोंड दिसलं की माणूस गेला असंच समजतात. एकाने लिहिलं, भावपूर्ण श्रद्धांजली. झालं. एकाने लिहिलं की मागचे सगळे हात जोडतात, कधी, कशाने, कोणी विचारत नाही. मीही त्या ग्रुपवर होते, कोपऱ्यात गप्प. घाईघाईने लिहिलं, 'अहो, आबा चांगले आहेत, मी चित्र काढलंय.' त्यावर आणखी वीसेक जणांनी हात जोडले आणि माझं म्हणणं वर सरकून दिसेनासं झालं. मला आधी हसू आलं, मग भीतीच वाटली.

संध्याकाळी फोन वाजला. आबांचा नंबर. चार वर्षांत पहिल्यांदा.

"डेअरीत दूध घालाया गेल्तो," ते म्हणाले. "मला बघून सेक्रेटरीच्या हातातलं माप पडलं. काढून टाक ते."

"काढते," मी म्हणाले. ते फोन ठेवतील म्हणून घाईने विचारलं, "पण आबा, चित्र कसं झालंय? तुमच्यासारखं आलंय ना?"

मागे म्हशीच्या साखळीचा आवाज येत होता.

"ती मिशी कुनाची काढलीस? माझी आई गेली तवा उतरवली मी. मागनं ठेवलीच न्हाई. तू हुतीस कुठं बघाया?"

आजी गेल्याचं मला याच ग्रुपवर कळलं होतं. घरून कोणी कळवलं नाही, या रागात मी गेले नाही. आपल्याला बोलावलं नाही तर आपण का जावं, असं म्हणत त्या दिवशी ड्युटी केली होती. हे त्यांना सांगायला तोंड उघडलं, तोवर त्यांनी फोन ठेवला होता.

मी चित्र इंटरनेटवरून काढून टाकलं. मग कागद पुढ्यात ओढला आणि खोडरबराने मिशी हळूहळू पुसून काढली. पेन्सिलीला टोक केलं, कागदावर टेकवली आणि हात थांबला. जन्मापासून मी आबांना मिशीतच पाहिलेलं. त्यांचा वरचा ओठ कसा आहे, मला ठाऊक नव्हतं.