मधला पाईप

सुलेमान मिस्त्री दरीच्या पॉइंटवर पोचले नाहीत, ते माझ्यामुळं.

आज त्यांचा चाळिसावा, जाऊन चाळीस दिवस झाले. मी त्यांच्या घरी जाऊन आले, जेवले. त्यांच्या बायकोपुढं, भाभींपुढं तोंड उघडलं नाही, म्हणून इथं लिहितेय.

आमच्या पॉइंटच्या सगळ्या पायऱ्या मिस्त्रींनी बांधल्यात. वर माझा भज्यांचा गाडा.
पुढं शिरवळला एका कामावर परांचीवरनं पडले. कमरेखालचं गेलं. व्हीलचेअर आली.

मग खाली पायऱ्यांपाशी येऊन बसायचे. मी गाडा आवरून उतरले की विचारायचे,
"वैनी, दरी हाय का जाग्यावर?"
"हाय की. कुठं जातीय?"
रोज हेच.

एकदा इस्लामपूरचा एक बाप लेकीला पाठुंगळी घेऊन चढला. पोरगी चांगली पंधरा-सोळाची, पायानं अधू. लाजेनं बापाच्या खांद्यात तोंड लपवलेलं.
मिस्त्रींनी ते बघितलं.
त्या दिवसापासनं पंचायतीला सोडलं नाही. रॅम्प पाहिजे म्हणजे पाहिजे. दोन वर्षं अर्ज, फोन, फेऱ्या.

पहिला रॅम्प बघून म्हणाले, "ह्यो रॅम्प व्हय रं? टेम्पोत म्हशी चढवायची फळी हाय ही!"
तोडायला लावला. एक फूट चढायला बारा फूट लांबी पायजे म्हणाले. खुर्चीत बसून, दोरी धरून परत बांधून घेतला. वळणं घेत घेत वर.

लय चांगला झाला.
इतका चांगला, की उद्घाटनाआधीच मोटारसायकली वर यायला लागल्या.

थेट माझ्या गाड्यापर्यंत. धूळ सगळी भज्यात. एकानं तर पिठाचं पातेलंच पाडलं. माझं डोकं फिरलं. पंचायतीत जाऊन भांडले, वरच्या तोंडाला पाईप ठोका म्हणून.
तीन पाईप रोवले. बुडाला काँक्रीट भरून.

मधनं माणूस जातो. मोटारसायकल जात नाही.
खुर्चीपण जात नाही, हे माझ्या डोक्यात आलंच नाही. उद्घाटनाचा नारळ फोडला, तवापण कुणाच्या आलं नाही.

नारळ फुटल्याबिगर वरचं टोक गाठायचं नाही, असं मिस्त्रींनी ठरवलेलं. त्याच दिवशी भाभी त्यांना ढकलत घेऊन आल्या. पाईपापाशी थांबल्या. दरी पुढं वीस पावलांवर. तिथनं दिसतो फक्त माझ्या गाड्याचा पत्रा.

लोक म्हणाले, उचलून नेतो.
"न्हाई. उचलूनच जायचं हुतं तर दोन वर्षं कशाला घालवली?"

मधला पाईप धरून हलवला. "काम पक्कं केलंय." मग माझ्याकडं बघितलं. "वैनी, ही अक्कल कुणाची?"

"पंचायतीची," मी म्हटलं.

हसले. "मग भजी तरी हितं आणा."
खाल्ली. भाभींनी खुर्ची फिरवली.

पाईप काढा म्हणून मी पंचायतीत गेले.
"ताई, तुमीच लावायला लावले. आता काढायला ठराव लागंल."
मीटिंग पुढं गेली. परत पुढं गेली. मी पण दमले, गेले नाही आठ-दहा दिवस. तेवढ्यात मिस्त्रींना ताप आला आणि गेलेच.

काल वेल्डर आणून मधला पाईप बुडातनं कापला. ठराव गेला उडत.
भाभींकडनं खुर्ची मागून आणली. कशाला, त्यांनी विचारलं नाही. रिकामीच ढकलली.
गेली. कठड्यापर्यंत गेली.

आता मोटारसायकली येतील. येऊ देत. मी भज्यांवर झाकण ठेवीन.

मिस्त्री, ती अक्कल माझी होती.

दरी हाय जाग्यावर.
जावा निवांत.