पाठ टेकली होती

माझ्या भाच्याने समोरच्या मल्लाची पाठ मातीला लावली होती. मी ते कुस्तीच्या हौदाच्या अगदी कडेला बसून पाहिलं, आणि माझी नजर अधू नाही. सांगलीकडच्या एका साखर कारखान्यात मी वजनकाट्यावर आहे. काटा कुठे थांबला हे बघण्याचाच मला पगार मिळतो. तरी ती कुस्ती बरोबरीत सुटल्याचं जाहीर झालं. फलटणच्या बाजूला आजही कोणी तिला बरोबरीतली कुस्ती म्हणालं की माझं डोकं फिरतं.

दुष्काळाच्या साली आक्काच्या, म्हणजे माझ्या बहिणीच्या, फलटणजवळच्या गावात यात्रेचं मैदान भरलंच नव्हतं. माणसांना प्यायला पाणी नाही, तिथे हौदाची माती कोण भिजवणार? त्यामुळे पुढच्या साली गावाने सगळी हौस एकदम भागवायचं ठरवलं. सकाळी दगडी गुंड उचलायची शर्यत, दुपारी कुस्त्या, आणि हलगीच्या जोडीला दाजींची बॅगपाइप.

दाजी म्हणजे आक्काचे यजमान, भाच्याचे वडील. मराठा पलटणीच्या बँडमधून निवृत्त होऊन आले, ते पदरच्या पैशाने घेतलेलं हे वाद्य बरोबर घेऊनच. काखेतली ती फुगलेली पिशवी बघून गावातली माणसं विचारायची, "दाजी, त्ये बकरू कवा सोडायचं?" दाजी हसत नसत. ते शांतपणे सांगत, की इंग्रजांच्या राज्यात भरती झाल्यावर त्यांचा पहिला बँडमास्तर स्कॉटलंडचा गोरा होता. त्याच्या मुलखातही अशीच यात्रा भरते. गडी अख्खं झाडाचं खोड उभं धरून उलटं फेकतात, धोंडे फेकतात, कुस्त्या धरतात, आणि या सगळ्याला हेच वाद्य वाजतं. मैदानाभोवती दोर बांधलेला असतो. पंचाचा हात वर होईपर्यंत बघणाऱ्यातला एकही माणूस दोराच्या आत पाय टाकत नाही. गावाला त्यातलं खोड तेवढं आवडलं. एवढं लाकूड फेकून पुढे काय करतात, चुलीला घालतात का, यावर पारावर चांगला वाद झाला. दोराची गोष्ट कोणाच्या डोक्यात शिरली नाही.

भाच्यासाठी ती कुस्ती नुसती यात्रेची नव्हती. दाजींनी त्याला अट घातली होती. शेवटची नेमलेली कुस्ती चितपट केलीस तर सांगलीच्या तालमीत राहा, तुझ्या दुधातुपाचं मी बघतो. नाहीतर बेळगावला जाऊन पलटणीत भरती हो. तालमीच्या वस्तादांशी मी बोलून ठेवलं होतं. राहायला माझं घर होतंच. बाहेरच्या खोलीतलं सामान काढून बायकोने ती सारवूनसुद्धा घेतली होती.

समोरचा मल्ल वजनाने जड होता आणि पंच त्याच्याच तालमीतला जुना पैलवान होता. यात काही काळंबेरं होतं असं मी म्हणणार नाही, कारण पुरावा नाही. कुस्ती बराच वेळ नुसती खडाखडीत गेली. दोघे एकमेकांचे हात झटकत राहिले, लोक कंटाळून शिट्ट्या मारू लागले. मग भाच्याने पट काढून त्याला खाली आणला, पाठीवर बसून कब्जा घेतला आणि घिश्श्याच्या डावावर उलटा केला. आधी डावा खांदा टेकला, मग उजवा. दोन्ही. पंच तेव्हा पलीकडच्या अंगाला होता आणि बघायला वाकत होता.

तो पुरता वाकायच्या आधीच आक्काचं गाव हौदात घुसलं. सगळे भाच्याचे चुलते, मित्र, भावकी. हौसेला मोल नसतं म्हणतात, पण अक्कलही नसावी? त्यांनी भाच्याला खालच्या मल्लावरून उचलला, खांद्यावर घेतला, गुलाल उधळला. खालचा मल्ल उठला, पाठीची माती पुसली आणि पंचापाशी जाऊन उभा राहिला.

आमच्या काट्यावर वजन लिहून होण्याआधी कोणी बैलगाडी खाली ओढून नेली, तर तिच्यात कितीही ऊस असो, लिहायला काही उरत नाही. या शहाण्यांनी नेमकं तेच केलं.

पंच म्हणाला, "मला पाठ दिसली न्हाई. मधी माणसं आली. बरोबरी."

त्याला दिसली होती. तो अर्धा तरी वाकला होता, आणि त्याचं तोंड त्या खांद्यांकडेच होतं. पण आमच्याच लोकांनी त्याच्या हातात सबब दिली, ती त्याने घेतली. यात्रा कमिटीवाल्यांना प्रमुख पाहुण्यांच्या भाषणाची घाई होती. कुस्ती पुन्हा धरा म्हणून मी ओरडलो, तर एक जण मला म्हणाला, "पावणं, बसा गप. तुमचं गाव न्हाई ह्ये." भाचा अजून खांद्यावरच होता. गुलालाने माखलेला तो हसत हात हलवत होता. त्याला कोणी सांगितलंच नव्हतं.

कमिटीने वाजवायची खूण केली. दाजींनी कोपराने पिशवी दाबून सगळी हवा काढून टाकली आणि वाद्य गुंडाळलं. मला वाटलं, आता हा माणूस बोलेल. ते माझ्या शेजारीच उभे होते, त्यांनीही पाहिलं होतं.

घरी गेल्यावर मी विचारलं, "दाजी, तुमी पाठ बघितली का न्हाई?"

"बघितली."

"मग त्यो जिंकला. त्याला माझ्यासंगं पाठवा."

"पंचानं बरोबरी म्हटलं. पंचाचा शब्द म्हंजी हुकूम. माझ्या पोराला येगळा कायदा न्हाई."

मी त्यांना नको ते बोललो. बापाला डोळे कशाला दिलेत, असंही बोललो. आक्का मधे पडली, तर ते तिला म्हणाले, जेवायला वाढ. भाचा भिंतीला टेकून बसला होता. कानातला गुलाल बोटाने काढत तो एवढंच म्हणाला, "मामा, जाऊ द्या." पोराने सोडून दिलं, म्हणून मीही सोडायचं? तो बेळगावला गेला आणि पहिल्याच खेपेला भरती झाला. होणारच. अंग तालमीचं होतं.

पुढच्या साली आक्काने निरोप धाडला म्हणून गेलो. मैदानाच्या चारी बाजूंनी मेढी ठोकून नवा कोरा दोर ताणलेला होता. दाजींनी स्वतः विकत आणलेला. आणि ज्यांनी भाच्याला खांद्यावर घेतलं होतं, तेच लोक दोराबाहेर शिस्तीत बसले होते. हौदात दुसऱ्याच कोणाचा तरी मुलगा शड्डू ठोकत होता.

दाजी जवळ आले. "दोर कसा हाय?" त्यांनी विचारलं.

"चांगला हाय," मी म्हणालो. "गेल्या साली कुठं व्हता?"

त्यांनी काखेत पिशवी धरली, गाल फुगवले आणि वाजवायला लागले. कुस्ती लागायच्या आधीच मी उठलो आणि फलटणच्या एसटीला जाऊन बसलो.