राजाची एक उडी

आमच्या घरात बुद्धिबळाचा पट नव्हता. वडील जळगावच्या जिनिंगमध्ये कापसाच्या गासड्या वाहत. संध्याकाळी त्यांच्यात बोलायचेही त्राण नसे. मी शेजारच्या ओट्यावर बघून बघून खेळ शिकलो आणि कॉलेजात असताना पहिल्या स्पर्धेसाठी धुळ्याला गेलो. पहिल्याच फेरीत नथूनानांनी मला लोळवले. धुळ्यात त्यांचे बांगड्यांचे दुकान होते. मी पिशवी उचलून निघालो, तोच मागून हाक आली, "ओ कालेजवाला! हारना म्हणीसन उपाशी निजशी का?"

त्यांच्या घरी कळण्याची भाकरी खाल्ली आणि तिथलाच झालो. खेळताना नाना गप्प बसत नसत. "तुना उंट आंधळा शे का?" म्हणत आणि तो उंट मारत.

आमच्या देशी खेळात, शह न बसलेल्या राजाला एकदाच घोड्यासारखी उडी मारता येई. नाना ती शेवटपर्यंत राखून ठेवत. वडिलांना गासडी उचलवेना, तेव्हा मी कॉलेज सोडायला निघालो होतो. नाना म्हणाले, "राजालेबी एक उडी शे. तुनी अजून बाकी शे." मी सोडले नाही.

मग स्पर्धांना परदेशी नियम लागले. राजाची उडी गेली. पन्नाशी उलटलेले नाना नव्याने शिकायला बसले. एकदा मुंबईला खेळायचे, एवढीच त्यांची हौस होती.

जळगावच्या स्पर्धेत जिंकेल तो मुंबईला जाणार होता. शेवटच्या डावात समोरासमोर आम्ही दोघेच. नानांचा राजा कोंडला. त्यांनी तो शांतपणे उचलला आणि अडीच घरे पलीकडे ठेवला.

पंच आले. ही चाल चालत नाही, पण राजाला हात लागला, आता राजाच हलवा, म्हणाले. राजाला एकच घर मोकळे होते आणि तिथे मात होती.

मी म्हणालो, "सवयीने झालं, परत घेऊ द्या."

"तू चूप बठ," नाना म्हणाले. "हात माना लागना ना? मंग मीच चालसू." आणि राजा त्या एकाच घरात सरकवला.

त्यांना एस.टी.वर सोडायला गेलो. बाकावर बसून ते बोटे चोळत राहिले. "डोकं शिकनं रे," म्हणाले, "हात नही शिकना."

पुन्हा ते स्पर्धेत उतरले नाहीत. ते होते तोवर मी रविवारी धुळ्याला जाई आणि आम्ही देशी खेळ मांडत असू. त्यात मला त्यांना एकदाही हरवता आले नाही. आता पट मांडायचाच कंटाळा येतो.

मुंबईला मी खेळून आलो. बी.ए.ही झालो, आमच्या घरातला पहिला.