कुरणात शेण नव्हतं

नोकरीतली मोठी प्रकरणं आता पुसट झाली, पण इगतपुरीकडच्या त्या गवताचं प्रकरण डोक्यातून जात नाही. तेव्हा मी तिथल्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. भर पावसाळ्यात डोंगरकडच्या एका गावातून तक्रार अर्ज आला : राखणदार बाईने गावाचं राखीव कुरण परक्या गुरांना चारलं.

त्या गावात पावसाळाभर उतारावरचं गवत राखतात. दिवाळीच्या सुमारास ते कापून वाटून घेतात आणि उन्हाळ्यात गुरं त्यावरच जगतात. राखणदार बाईचा नवरा वारलेला, घर दोन गायींवर चाललेलं. राखणीबद्दल तिला गवताचा जादा वाटा मिळे. आता गाव तिची राखण काढून घ्यायला निघालं होतं. वाटा गेला की गाय विकणं आलं. त्यात संशय शेजारच्या वाडीच्या गुरांवर असल्याने काठ्या निघायच्या बेतात होत्या, म्हणून मी स्वतः गेलो.

“सायेब, एक वासरू आत जाऊ दिलं नाय मी. गाईची शप्पत,” बाई म्हणाली.

शपथा ठाण्यात रोज ऐकायला मिळतात. मी हवालदाराला घेऊन कुरण बघायला चढलो.

राखणीचे पांढरे दगड जागच्या जागी होते. त्यांच्या कडेकडेने गवताचा रुंद पट्टा भुईसपाट झालेला, माती उघडी पडून तिथून पाण्याचा ओहोळ वाहत होता. हवालदार पंचनामा लिहू लागला. मी मात्र खाली बघत फिरत होतो.

“शेण कुठंय?” मी विचारलं.

हवालदार लिहिणं थांबवून खाली शोधू लागला. एवढी गुरं येऊन गेली आणि एक पो पडला नाही? गवताचे शेंडेही शाबूत होते, नुसते चिखलात झोपलेले. इथे कुणी काही खाल्लंच नव्हतं. मग येत होतं कोण? मला चैन पडेना.

उतरताना पायथ्याच्या चहावाल्याला लक्ष ठेवायला सांगून आलो. त्याच आठवड्यात त्याचा फोन आला. “सायेब, रविवारी या. नाशकाच्या गाड्या येत्यात. लय माणसं.”

रविवारी साध्या कपड्यांत टपरीवर बसलो, बाईलाही बोलावून घेतलं. रंगीबेरंगी रेनकोटांचा घोळका मळलेली पायवाट सोडून सरळ कुरणात घुसला. खाली आल्यावर त्यांच्या म्होरक्याला थांबवलं. नाशकातल्या इंदिरानगरचा, नम्र तरुण. तो घाबरला नाही, उलट चकित झाला.

“वाट का सोडलीत?”

“सोडली कुठे, सर? खुणा बघतच गेलो. पांढरे दगड आहेत ना वरपर्यंत. दर आठवड्याला कुणीतरी ते पुन्हा रंगवतं. अशी सोय दुसरीकडे नाही, म्हणून तर सगळ्या ट्रेकिंग ग्रुपना कळवलं.”

बाईचा चेहरा खर्रकन उतरला. गुराख्यांना पांढरा दगड म्हणजे बंदी, इथून आत पाऊल नको. पावसाने चुना धुऊन जाई म्हणून ती दर शनिवारी नवा हात देई. गवत तुडवलेलं दिसलं की तिथे आणखी दगड मांडी. असे मांडत मांडत ते दगड थेट माथ्यापर्यंत गेले होते.

“म्हंजी मीच बोलवत व्हते का यांना?” तिने मला विचारलं.

“मावशी, आम्ही गावात विचारायला हवं होतं,” तो तरुण म्हणाला. मग गावात जाऊन त्याने सगळ्यांसमोर कबुली दिली. अर्ज निकाली निघाला, राखण बाईकडेच राहिली. त्यानंतर ते ट्रेकर पायवाटेनेच जाऊ लागले.

तेव्हापासून मी कुठल्याही चौकशीत दोघांना विचारत आलो : खूण कशासाठी केलीत, आणि तुम्हाला ती बघून काय वाटलं? बरीच भांडणं या दोन उत्तरांच्या मधेच सापडली.

दिवाळीनंतर पुन्हा त्या गावात गेलो. पट्ट्यातली माती वाहून गेलेली, तिथे गवत नव्हतंच. बाईच्या दारात एकच गाय होती. गावाने देऊ केलेला जादा वाटा तिने घेतला नव्हता. मला फार वाईट वाटलं. मी म्हणालो, “मावशी, तुमच्यावरचा ठपका तर गेला ना?”

“तुमच्या कागदावरनं गेला, सायेब,” ती म्हणाली. “दगड माझेच व्हते.”